तीन वेळा ‘नाही’

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, “बाबा, लायसन्स पोक काउंटीतूनच काढतोय,” आणि मी नुसतं “बरं” म्हणालो. मग आईने फोन घेतला आणि हॉल, जेवण, पाहुणे सुरू झालं. त्या “बरं”च्या मागचं तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

याच काउंटीने सहा समलिंगी जोडप्यांना लग्नाचं लायसन्स नाकारलं होतं. १९९८च्या कायद्याप्रमाणे आयोवात तेव्हा लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं. ती जोडपी कोर्टात गेली, खालच्या कोर्टात जिंकली, काउंटीने अपील केलं आणि ९ डिसेंबर २००८ला इथे डे मॉइनमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. तू तेव्हा आठवीत होतीस. मी तिचं रेकॉर्डिंग पाहिलं, निव्वळ कुतूहलाने. काउंटीच्या वकिलाचा भर मुलांवर होता, मुलांना आई-बाप दोन्ही हवेत यावर. मी मान डोलावत होतो. त्यातल्या काही जोडप्यांच्या घरी मुलं आधीच वाढत होती, हे कानांवर पडूनही डोक्यात शिरलं नाही.

३ एप्रिल २००९ला निकाल लागला, जोडप्यांच्या बाजूने. सातही न्यायमूर्तींचं एकमत. लिहिला मार्क केडी यांनी. तो मी सगळा वाचला पार नंतर, तू आम्हाला सांगितल्यावर. मुलांना मारहाण करणाऱ्याला, पोटगी बुडवणाऱ्याला लग्नाची बंदी नाही, मग मुलांच्या भल्यासाठी बंदी फक्त यांनाच का, असा त्यात सरळ हिशेब आहे. १८३९ साली, आयोवा राज्यही झालं नव्हतं तेव्हा, इथल्या कोर्टाने राल्फ नावाच्या माणसाला गुलाम मानायला नकार दिला होता, त्याचाही दाखला आहे.

हे मला कळायला जड जायला नको होतं. आमचं लग्न नोंदणीचं. पुण्यात कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस नोटीस लागली होती. ती वाचून आईचे काका आक्षेप नोंदवायला आले. कारकून म्हणाला, “वय कमी असेल, आधीचं लग्न असेल तर लिहून द्या. जात इथे चालत नाही.” काका धुसफुसत परत गेले. हा किस्सा मी तुला किती वेळा रंगवून सांगितलाय! (तुम्हाला तर तीनच दिवस थांबायचंय.)

आता जे सांगायचं ते. २०१०च्या वसंतात मला नागरिकत्व मिळालं आणि नोव्हेंबरात मी पहिल्यांदा मत दिलं. इथे न्यायमूर्तींना पदावर ठेवायचं की नाही हेही मतदार ठरवतात. विरोधात कोणी उभं नसतं, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. त्या वर्षी सातांपैकी तिघांची पाळी होती: सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. ‘न्यायाधीशांनी कायदे करायचे नसतात’ हे वाक्य तेव्हा ऑफिसात, पॉटलकला, सगळीकडे होतं. मीही ते घोकलं. तिन्ही नावांपुढे मी ‘नाही’ केलं. तिघंही गेले. १९६२पासून ही पद्धत आहे, पण त्याआधी या कोर्टातलं कोणी असं हरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे फुशारकीने सांगितलं. पिठलं-भात होता. तू अर्ध्या ताटावरून उठलीस, भूक नाही म्हणालीस आणि वर गेलीस. मला वाटलं, परीक्षा असेल.

तुला ती रात्र आठवत असेल असं मी धरून चाललोय. नसेल आठवत, तर आता मीच आठवण करून दिली, त्याला इलाज नाही. तू सांगितलंस तेव्हा आई रडली आणि मी समजूतदारपणे वागलो, म्हणून तुम्ही दोघी मला चांगला म्हणता. ते चांगलेपण मला पुरतं परवडत नाही.

लग्नाच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात म्हणे. तिच्याकडून तिचा भाऊ करणार, हे आईकडून कळलं. तुझ्याकडून कोण हे ठरलं नसेल, तर मला विचार. ठरलं असेल तर राहू दे, मी श्रीखंडाचं बघतो.

तुझा,
बाबा