जीप उंच न केल्याबद्दल आभार

आदरणीय नाना मिस्त्री यांस,
सादर नमस्कार.

फोनवर आलेले लांबलचक लेखन आपण वाचत नाही, आणि आपले नाव कुठेही छापून येऊ नये ही तर आपली जुनीच अट आहे. म्हणून हे पत्र आपले पूर्ण नाव न देता, परंतु उघडपणे लिहीत आहे; आपला नातू ते आपल्याला वाचून दाखवील याची मला खात्री आहे. उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, माझ्या जीपवर आपण जे काम केलेत त्याहूनही, जे करण्यास आपण स्वच्छ नकार दिलात त्याचे आभार मला मानायचे आहेत, आणि साताऱ्यात जुन्या जीपा बाळगणाऱ्या माझ्यासारख्या हौशी मंडळींच्या कानांवर तो नकार पडणे गरजेचे आहे.

गाडीची हकिकत आपल्याला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलिस जीपा जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली 1986 सालची डिझेल जीप माझ्या वडिलांनी जुनी म्हणून विकत घेतली. पुढे आणि मागे अखंड एक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याच्या स्प्रिंगा), आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जेमतेम 80 इंचांचे अंतर. ठोसेघरच्या वरच्या अंगाला, चाळकेवाडीच्या पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत आमची थोडी जमीन आहे, आणि शेवटची वाट म्हणजे जांभ्याचे उघडे दगड व पावसाळ्यात त्यांच्यामधून वाहणारे पाणी. वडिलांनी त्या वाटेवर मूळ 6.00-16 च्या टायरांवर वर्षानुवर्षे गाडी चालवली. ती माझ्या हाती आल्यावर मी पहिल्या वर्षीच एका मोठ्या शहरातल्या दुकानातून 31 इंची रुंद टायर घातले, ते पाट्यांना घासू नयेत म्हणून चाकांमागे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, बसवले, आणि गाडी आता ‘तयार’ झाली असे समजून चाललो.

गेल्या नोव्हेंबरात भाताची पोती घेऊन खाली येताना, सुदैवाने घाट संपल्यानंतरच्या सपाटीवर, मागचे डावे चाक ड्रमसकट बाहेर आले. ड्रम निघाल्यामुळे व्हील सिलिंडरचे पिस्टन सुटले, ब्रेक ऑइल वाहून गेले, आणि एकाच सर्किटची जुनी ब्रेक व्यवस्था असल्याने पेडल थेट फळीला टेकले. मी हँडब्रेक ओढला, तोही निरुपयोगी ठरला. तो असा का वागला, हे मला आपल्याकडे आल्यावर समजले: या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर (मागच्या एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) असतो, आणि एका बाजूचा एक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला की मधल्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) दुसऱ्या बाजूचे चाक मोकळे फिरत राहते. फोर व्हील ड्राइव्ह गुंतलेले असते तर पुढच्या चाकांनी गाडी धरली असती. ते गुंतलेले नव्हते. एक्सलचे टोक रस्ता खरवडत गेले आणि गाडी बांधाच्या मातीत थांबली, एवढेच आमचे नशीब.

कोरेगाव रस्त्यावरच्या आपल्या आवारात ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना टेम्पोवर चढवलेली माझी जीप तिथे आली. हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीवाल्यांना सोडून माझ्याकडे पाहायला आपल्याला वेळ नव्हता, तरीही तुटलेला शाफ्ट आपण हातात घेतलात, रॉकेलने धुतलात आणि उन्हात नेऊन त्याचे तोंड माझ्यापुढे धरलेत. मला नुसते तुटलेले लोखंड दिसत होते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आपण दाखवलेत, तेव्हा लक्षात आले की त्या वाटोळ्या तोंडाचे दोन भाग आहेत. चावी, म्हणजे शाफ्ट आणि हब (चाकाचा मधला भाग) एकत्र अडकवणारी लोखंडी पट्टी, जिथे बसते त्या खाचेच्या कोपऱ्यापासून निघालेला निम्म्याहून मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, आणि त्यावर ओंडक्यावरच्या वलयांसारख्या बारीक रेघा होत्या. उरलेला भाग नुकत्याच फोडलेल्या गुळासारखा रवाळ आणि चकचकीत होता. “चकाकतंय तेवढंच परवा तुटलं,” आपण म्हणालात. “काळं हाय ते कवापासनं तुटतच व्हतं. तुम्हाला कळलं न्हाई, एवढंच.”

मग त्याचे कारणही आपण मला तिथेच, ट्रॉलीच्या जूवर बसवून समजावलेत. या शाफ्टचे टोक निमुळते असते आणि हब त्या निमुळत्या भागावर घट्ट दाबून बसलेला असतो. चाक फिरवण्याचे खरे काम त्या पकडीने करायचे, चावी केवळ राखणीला. नट किंचित जरी सैल झाला तरी पकड जाते, सगळा जोर चावीवर येतो आणि खाचेच्या कोपऱ्यात चीर पडते. त्यात या एक्सलमध्ये शाफ्ट चाकाला फिरवतोही आणि गाडीचा भारही झेलतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तो एकदा वर आणि एकदा खाली वाकवला जातो. मी स्पेसर लावून चाक बाहेर सरकवले, त्याबरोबर तो वाकवणारा जोर वाढवला. मोठ्या टायरने पिळाचा भार वाढवला तो वेगळाच. शेजारीच उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या चाकाकडे आपण बोट केलेत. तिथे हब स्वतःच्या दोन बेअरिंगांवर एक्सलच्या नळीवर बसतो, शाफ्टने फक्त फिरवायचे. शाफ्ट पूर्ण ओढून काढला तरी ट्रक चाकांवर उभाच राहतो. इतकी वर्षे मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांमागून प्रवास केला आहे, पण हा फरक मला कोणी सांगितला नव्हता आणि मीही कोणाला विचारला नव्हता.

एवढे ऐकूनही मी खिशातून माझी यादी काढली, याची आज लाज वाटते. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवायचे, म्हणजे गाडी सुमारे पाच इंच उंच होईल. डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंग करून कायमचे जखडायचे, म्हणजे एक चाक हवेत राहिले तरी दुसरे ओढेल. आणि टायर आणखी मोठे. आपण यादी पूर्ण ऐकून घेतलीत. मग पान लावता लावता एकेक मुद्दा खोडत गेलात, आणि प्रत्येक वेळी कारण दिलेत, ही गोष्ट मी विसरणार नाही. पाटे वर गेले की जमिनीपासून पाट्यापर्यंतचे अंतर वाढते, त्यामुळे जोर लावताना एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि पाट्याला नागमोडी पिळतो. 80 इंचांच्या गाडीत मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच आखूड. गाडी पाच इंच उचलली की त्याचा उतार इतका वाढतो की क्रॉस (शाफ्टचे वळते सांधे) टिकत नाहीत, आणि त्यासाठी पिनियनचे (प्रॉपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचे) तोंड वर फिरवावे, तर पुढच्या एक्सलला तसे करताना कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण-अक्षाचा कल) बिघडून स्टिअरिंग सरळ राहत नाही. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो, म्हणून खड्ड्यात चाक उचलले की हातातले स्टिअरिंग आपोआप वळते. ब्रेकचे रबरी पाइप अपुरे पडतात. आणि एवढे सगळे करून गाडी उंच झाली की कडेच्या उतारावर कलंडायला सोपी. वेल्ड केलेल्या डिफरन्शियलविषयी आपण फक्त एवढेच म्हणालात की, शेतातून घरी यायला डांबरी रस्ता आहे, आणि वळणावर दोन चाकांना सारखेच फिरायला लावले तर पहिला बळी पुन्हा शाफ्टचाच.

कायद्याचा मुद्दाही आपणच काढलात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, यांनुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला उभे राहावेच लागते. “कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी, असलं काम माझ्या आवारात होत न्हाई,” या आपल्या वाक्यानंतर मी यादी घडी करून खिशात ठेवली. स्पेसर मात्र आपण मला न विचारताच भंगाराच्या पिंपात टाकलेत. त्या वेळी राग आला होता. तेवढे पैसे गेले, असे मनात आले होते.

पुढचे तीन आठवडे, ट्रॉल्यांच्या कामातून सवड काढून, आपण जे केलेत ते बाहेरून पाहणाऱ्याला दिसतही नाही. एकच शाफ्ट तुटला असताना दोन्ही नवे मागवायला लावलेत, कारण दुसऱ्यानेही तेवढीच पोती वाहिली होती. नव्या शाफ्टच्या निमुळत्या भागावर निळा रंग लावून हब बसवून काढलात. रंग एका कडेलाच उमटला, म्हणजे हब तेवढाच टेकत होता, तेव्हा हब परत पाठवून दुसरा आणवलात, आणि रंग सर्वत्र सारखा उठेपर्यंत पुढचे काम केले नाहीत. नट आवळल्यावर कॉटर पिनचे भोक जुळेना, तेव्हा मी सहज म्हणालो की थोडा सैल करा. आपण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेत ती अजून आठवते. हा नट भोक जुळवण्यासाठी कधीही मागे घ्यायचा नाही, पुढेच आवळायचा. त्यानंतर डायल गेज लावून शाफ्टची आतबाहेर हालचाल मोजलीत आणि चार ते आठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.10 ते 0.20 मिलिमीटर येईपर्यंत शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढघाल करत राहिलात.

पाट्यांच्या बाबतीत माझी समजूत साफ चुकीची होती. गाडी दणके देते म्हणून पाटे जाड हवेत, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात गंजामुळे पाटे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच ठोकळा झाला होता आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीचे) बुश जाम होते, त्यामुळे पाटे पाट्यांसारखे वागतच नव्हते. आपण जुडगे सोडवलेत, प्रत्येक पाटा घासून साफ केलात, वरच्या पाट्याला टोचणारी चौकोनी टोके गोल करून घेतलीत, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधलेत. दोन पाटे तडकलेले निघाले, ते त्याच जाडीचे बदललेत. 6 मिलिमीटरच्या जागी 8 मिलिमीटरचा पाटा घातला तर त्या एकाचाच ताठरपणा दुपटीहून अधिक होतो, कारण तो जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. हे गणित मी घरी येऊन कागदावर करून पाहिले, आपण ते तोंडी सांगितले होते. बसलेले, म्हणजे भाराने सपाट झालेले, पाटे गॅसने तापवून वाकवून देणारे पुष्कळ आहेत. तसे केल्यास पोलादाचे पाणी उतरते आणि काही महिन्यांत पाटा पुन्हा बसतो. म्हणून आपण ते, तापवून तेलात विझवून नंतर पुन्हा पाणी देणाऱ्या कारखान्याकडेच पाठवलेत. गाडी त्यामुळे सव्वा इंच वर आली, म्हणजे जिथे मुळात होती तिथे.

शॉक ॲब्सॉर्बरचे माप आपण कॅटलॉगमधून घेतले नाहीत. एका बाजूचे चाक दगडांच्या चळतीवर चढवून आणि दुसरे लोंबते सोडून, चासीवर खडूने खुणा करत, सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब अंतर मोजलेत, आणि रबराचा ठोकळा टेकण्याआधी शॉक कधीही तळाला जाणार नाही असा जोड निवडलात. पुढच्या नकलचे (चाक ज्यावर वळते त्या सांध्याचे) किंग पिन बेअरिंग घट्ट करताना तर आपण भाजी मंडईतला स्प्रिंगचा काटा आणलात, तो स्टिअरिंगच्या हाताला अडकवून ओढलात आणि काट्यावरचा आकडा वाचून शिम ठरवलेत. खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरत राहायचे, ते त्या दिवसापासून थांबले. वडिलांच्या काळापासूनची ती थरथर मी गाडीचा स्वभाव समजत होतो.

एका गोष्टीत माझे मत अजून वेगळे आहे, आणि ते लपवणे आपल्याला आवडणार नाही. चाक घसरले की आपोआप जखडणारे आणि वेग वाढला की मोकळे होणारे डिफरन्शियल आता कंपन्याच काही गाड्यांत बसवून देतात. तसे माझ्या गाडीत असते तर आमच्या वाटेवरच्या ओघळीत त्याचा उपयोग झाला असता, असे मला वाटते. आपण म्हणता की हवेत राहणारे चाक हलक्या ब्रेकने धरता आले पाहिजे आणि ओघळ तिरकी घेता आली पाहिजे. दोन्ही शिकतो आहे. मात्र पाटे मोकळे झाल्यापासून चाक हवेत राहण्याचे प्रसंगच निम्मे झाले आहेत, हे मान्य करतो.

जूनच्या पहिल्या पावसानंतर, मूळ मापाच्या टायरांवर, बियाणे आणि खताच्या सहा गोण्या घेऊन मी ती वाट चढलो. मध्ये जिथे मी पूर्वी गाडी उसळवत नेत असे, तिथे ती दगडावरून दगडावर पाय ठेवत गेल्यासारखी गेली. वर पोहोचल्यावर आई खाली उतरली आणि म्हणाली, “तुझ्या वडिलांच्या वेळी अशीच चालायची.” हे आपल्याला सांगायचे राहून गेले होते.

पाटे बांधल्यावर यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) जुने वापरू दिले नाहीत आणि नवे बोल्ट 500 किलोमीटर झाल्यावर भार असताना पुन्हा आवळायचे, असे आपण बजावून सांगितले होते. काल मीटरवर 480 झाले. येत्या शनिवारी सकाळी, पोती भरूनच, गाडी आवारात आणतो.

आपला ऋणी,
जुन्या जीपचा मालक, सातारा