नोटेवरील सह्यांकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील परदेशी नोटांच्या संग्रहावरील लेख वाचनीय होता. मात्र दक्षिण अमेरिकी नोटांचे सारे आकर्षण त्यात त्यांच्यावरील शून्यांमध्येच शोधले गेले, हे पटले नाही. अर्जेंटिनाची दहा लाख पेसोंची नोट पाहून कुणीही थबकतो. पण या खंडातील नोटांचा अभ्यास खरा सुरू होतो तो त्यांवरील सह्यांपासून.

बोलिव्हियात १ जानेवारी १९८७ रोजी दहा लाख जुन्या पेसोंना एक बोलिव्हियानो या दराने नवे चलन आले. त्या नोटांवर छापलेली २८ नोव्हेंबर १९८६ ही तारीख कायद्याची आहे, छपाईची नव्हे, आणि पुढील तीन दशके तीच छापली गेली. त्यामुळे हातातील नोट नेमक्या कोणत्या काळातील आहे, हे मालिकेचे अक्षर आणि सह्या यांवरूनच ठरवावे लागते. नवखे संग्राहक ती तारीख पाहून प्रत्येक नोट १९८६ची मानतात आणि विक्रेतेही त्यांना क्वचितच दुरुस्त करतात.

ब्राझीलची गोष्ट अधिक रंजक आहे. १९४२ साली क्रुझेरो हे चलन आल्यानंतरच्या पहिल्या नोटांवर सही छापलेली नसे; सरकारी कर्मचारी प्रत्येक नोटेवर शाईने सही करीत. छापील सह्या नंतर आल्या. पुढे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष अशा दोघांच्या सह्यांची प्रथा रुळली आणि चलने व मंत्री दोन्ही झपाट्याने बदलत गेल्यामुळे सह्यांच्या जोड्यांची संख्या वाढत गेली. १९९३-९४मध्ये जेमतेम अकरा महिने टिकलेल्या क्रुझेरो रिआल या चलनाच्या काही नोटांवर अर्थमंत्री फर्नांडो एनरिके कार्डोसो यांच्यासोबत बँकेचे अध्यक्ष म्हणून पेद्रो मलान यांची सही आढळते. १९९५पासून तेच मलान त्यानंतरच्या रिआल या चलनाच्या नोटांवर अर्थमंत्री म्हणून सही करू लागले. प्रथम त्यांच्या जोडीला बँकेचे अध्यक्ष म्हणून पेर्सियो आरिदा होते, पण आरिदा जूनमध्येच पायउतार झाले आणि त्यांच्या जागी गुस्ताव्हो लोयोला आले. (आपल्याकडे मनमोहन सिंग यांनी वित्त सचिव म्हणून एक रुपयाच्या नोटेवर आणि नंतर गव्हर्नर म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर सही केली, हे संग्राहकांना ठाऊक असेलच.)

आपल्याकडील संग्राहक रिझर्व्ह बँकेच्या नोटा गव्हर्नरच्या सहीनुसार लावतात, चिंतामणराव देशमुखांच्या सहीची नोट जपून ठेवतात. तीच मंडळी परदेशी नोट मात्र केवळ देश आणि मूल्य पाहून घेतात, याचे नवल वाटते. प्रदर्शनांतील विक्रेत्यांनी पाकिटावर सह्या करणाऱ्यांची नावे लिहावीत आणि ग्राहकांनी पैसे देण्यापूर्वी ती कॅटलॉगशी ताडून पाहावीत. विशिष्ट सहीची नोट दुर्मीळ आहे असे सांगून जादा पैसे मागितले जात असतील, तर ही पडताळणी टाळूच नये.

आपला,
एक नोटासंग्राहक, पुणे