गाणं मध्येच का तोडलं

प्रिय आई-बाबा,

एवढं मोठं पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला घेतलं की आई बाळाला घ्यायला उठते आणि बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून टाइप करून पाठवतेय, ताई वाचून दाखवेल.

तीन दिवस आपल्याच घरी राहतेय. शूटिंगच्या युनिटने कॉलेज रोडला हॉटेल दिलं होतं पण नाशकातल्या घराची किल्ली पर्समध्ये असताना हॉटेलात कशाला झोपू? तुळशीला पाणी घातलं, मग कळलं शेजारच्या काकूही रोज घालतायत, कुंडीत तळं झालंय.

तर मुद्दा. आई, मागच्या रविवारी आमचा शो बघून तू फोनवर जे म्हणालीस ना, "बोलतात अर्धा तास आणि त्या पोराने गायला सुरुवात केली की लगेच ब्रेक, मग बोलावता कशाला त्याला", ते डोक्यातून जातच नाहीये. तेव्हा मी हसले. पण उत्तर देते आता.

आमचा स्लॉट अर्ध्या तासाचा. तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती दाखवायच्या नाहीत असा नियम आहे, म्हणजे अर्ध्या तासात ६, आणि ती ६ चॅनलवाले एक सेकंद सोडत नाहीत. उरले २४. त्यातून टायटल, "ब्रेकनंतर पाहूया", "ब्रेकआधी आपण पाहिलं" हे सगळं वजा कर, हातात २२ राहतात. त्यात दोन पाहुणे, समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरांचे प्रश्न, एक गेम (तो गेम मलाही आवडत नाही) आणि मग गाणं. या २२ मिनिटांसाठी आम्ही साडेतीन तास शूट करतो, टाळ्यासुद्धा शेवटी वेगळ्या घेतो, पोरं कंटाळलेली असतात आणि फ्लोअर मॅनेजर हात वर करून "अजून जोरात" ओरडत असतो.

बाबा, तुम्ही म्हणणार मुलाखत म्हणजे सुधीर गाडगीळ, पाहुण्याला कळतही नाही आणि तो बोलून जातो. मान्य. पण तो काळच वेगळा होता हो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा एकच चॅनल, तबस्सुमचा गप्पांचा कार्यक्रम १९९३ पर्यंत चालला, लोक बसून बघायचे कारण उठून जायचं कुठे? आमच्याकडे रेटिंगची रेष येते, कोणत्या मिनिटाला किती लोक बघत होते त्याची. नवीन पोरगा स्वतःचं, कुणी न ऐकलेलं गाणं गायला लागला की रेष खाली जाते. आणि ती रेष बघून पुढच्या एपिसोडला "इथे कापा" असं लिहून एडिटरला देणारी मीच असते, आई. कोणी दुसरं नाही.

आता नाशिकचा एपिसोड. पाहुणे म्हणून इथलंच ढोल पथक होतं, पंधरा पोरं-पोरी. ऑडिटोरियममध्ये ताशा सुरू झाला आणि आमच्या साउंडवाल्या दादाने हेडफोन काढून फेकलाच, सगळे मीटर लाल. माइक लांब नेले, परत घेतलं, परत लाल. मी एका पोराला विचारलं ढोलाची पानं, म्हणजे ज्यावर वाजवतात ते पडदे, एसीत सैल पडत नाहीत का, तर म्हणाला "ताई, फायबरची आहेत, शेकायचा जमाना गेला."

ताशा वाजवणारी मुलगी एकोणीसची असेल, सगळ्या बोटांना पांढरी चिकटपट्टी. अँकरने माझ्याच कागदावरचा प्रश्न विचारला, घरून विरोध झाला का. ती काही बोलेचना. चिकटपट्टीचं सुटलेलं टोक नखाने दाबत बसली, अँकरच्या कानात प्रोड्यूसर ओरडतोय पुढे जा पुढे जा, आणि मग ती म्हणाली "विरोध नाही, पण अजून कोणी बघायला आलं नाही." बस. हॉलमध्ये एवढी पोरं असून चिडीचूप.

एडिटला ती शांतता गेली. सात-आठ सेकंद काहीच होत नाही म्हणे. आता टीव्हीवर प्रश्न आला की लगेच उत्तर येतं, एखाद्या चुणचुणीत पोरीसारखं. गाणं तोडलं तर तुला कळतं तरी, आई, हे कोणालाच कळणार नाही.

बाबा, अजून एक. सुरुवातीच्या निवेदनात मी विष्णु दिगंबर पलुस्करांवर चार ओळी लिहिल्या होत्या, १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा माणूस नंतर नाशकात आश्रम करून राहिला आणि त्यांचा मुलगा, गायक डी. व्ही. पलुस्करांचा जन्म १९२१ चा, इथलाच. तुमच्या भजनांच्या कॅसेटमुळे हे मला माहीत. "पोरांना कोण माहीत" म्हणून गेल्या त्या चारही ओळी. या मात्र मी नाही कापल्या, शप्पथ.

सात मिनिटांच्या वादनातलं एक मिनिट चाळीस सेकंद राहिलंय. आधी एक मिनिटच ठेवणार होते, मी भांडून चाळीस सेकंद वाढवून घेतले आणि त्याबदल्यात गेम छोटा केला. रविवारी लागेल तेव्हा फोन करून ओरडू नकोस म्हणून आधीच सांगतेय.

पूर्ण सात मिनिटं माझ्या मोबाइलवर कडेला उभं राहून घेतलीयेत, ताईला व्हॉट्सअॅप केलीयेत. मध्ये माझं डोकं हलताना दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा. आणि लावायच्या आधी आवाज कमी करा, बाळ झोपलेलं असेल.

तुमची,
धाकटी

ता.क. बाबांचा चष्मा टीव्हीवर राहिलाय, तो कुरियर करू की तिकडे नवीन केलात?