‘मावेजा’ लिहिल्याबद्दल

आदरणीय भाऊसाहेब,
स. न. वि. वि.

‘द कॅसल’ या ऑस्ट्रेलियन सिनेमाची मराठी सबटायटल्स तुम्ही करून दिलीत, त्याबद्दल हे पत्र. खुलं लिहितोय, कारण हा सिनेमा आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही आणि सबटायटल्स करणारा तर त्याहून कुणाला माहीत नसतो. तुमच्या इच्छेप्रमाणे नाव इथंही घालत नाही. भूसंपादन कचेरीत अव्वल कारकून म्हणून नोकरी केलेल्या माणसाचं हे काम आहे, एवढं मात्र वाचणाऱ्यांना कळायला हवं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा १९९७ चा, दिग्दर्शक रॉब सिच. चौघांनी मिळून लिहिलेला आणि अवघ्या ११ दिवसांत चित्रित केलेला. मेलबर्नच्या विमानतळाला लागून केरिगन कुटुंबाचं घर आहे. बाप डॅरिल टो-ट्रक चालवतो. डोक्यावर उच्च दाबाच्या तारा, शेजारी धावपट्टी, तरी त्याला आपल्या घरासारखं घर जगात नाही. विमानतळ वाढवायचा म्हणून घर संपादित होतं आणि हा माणूस ‘जात नाही’ म्हणून कोर्टात उभा राहतो. बस, एवढीच गोष्ट. बाकी सगळा सिनेमा बोलण्यावर चालतो. ऑस्ट्रेलियात त्यातली वाक्यं लोकांच्या तोंडी बसलेली आहेत.

या सिनेमात कुणीही विनोद करायचा म्हणून बोलत नाही, आणि भाषांतर करणाऱ्याची खरी परीक्षा तिथंच असते. डॅरिल बायकोच्या साध्या स्वयंपाकाचं मनापासून कौतुक करतो, विजेच्या तारांकडं बघून माणसानं वीज तयार केली याचं त्याला अप्रूप वाटतं. गोष्ट सांगणारा धाकटा डेल सपाट आवाजात लहान लहान वाक्यं बोलतो. भाषांतर करणाऱ्यानं इथं एखादा जास्तीचा चटपटीत शब्द घातला, की हे लोक येडे दिसायला लागतात आणि सिनेमा मेला. तुम्ही डेलचं एकही वाक्य सजवलं नाही. इंग्रजीत सहा शब्द असतील तिथं मराठीत चार ठेवलेत.

आणि घरातल्यांना परभणीची बोली दिलीत. ‘करायलोय’, ‘जायलो’, ‘काय म्हणायलास’. मराठी पडद्यावर आपली बोली बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर इरसाल माणसाच्या वाट्याला येते, हसू यावं म्हणून. इथं ती अख्ख्या घराची आहे, मायेची आहे. विमानतळवाले आणि त्यांचे वकील तेवढे प्रमाण मराठीत बोलतात. कोण कुणाच्या बाजूचं हे वाचतानाच कळतं. जालन्याचं ‘करू ऱ्हायलोय’ का घेतलं नाही, हे तुमच्या टिपणात आहे: ते जागा जास्त खातं. पडद्यावर अक्षरागणिक हिशोब असतो, हे आम्ही त्या टिपणावरून शिकलो.

आता ‘मावेजा’. शब्दकोशानं ‘नुकसानभरपाई’ दिली असती आणि ती चूकही नव्हती. पण पैठणच्या नाथसागराखाली गेलेल्या गावांत, समृद्धी महामार्गाच्या कडेच्या शिवारांत भरपाई कुणी म्हणत नाही, मावेजाच म्हणतात. ‘वाढीव मावेजा’ म्हटलं की १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखालचं कलम १८ चं प्रकरण आणि कोर्टातल्या तारखा डोळ्यांपुढं येतात. त्या एका शब्दानं मेलबर्न पैठणला येऊन टेकलं. खटला ज्या तरतुदीवर फिरतो ती ऑस्ट्रेलियन घटनेच्या कलम ५१ मधली ३१ वी बाब: मालमत्ता घ्यायची तर न्याय्य अटींवरच. तुम्ही ‘रास्त अटींवर’ लिहिलंत. ‘रास्त’ आपल्याकडं रेशनच्या दुकानाच्या पाटीवर रोज दिसतो, म्हणून तो कुणाला अडला नाही.

दुसरी खाच कोर्टाच्या नावाची. ऑस्ट्रेलियात ‘हाय कोर्ट’ हे देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट. जसंच्या तसं ‘उच्च न्यायालय’ लिहिलं असतं, तर इथल्या प्रेक्षकाला आपलं खंडपीठ आठवलं असतं आणि पुढं अजून एक अपील आहे असं वाटून शेवटाचा सगळा ताण गेला असता. तुम्ही ‘सर्वोच्च न्यायालय’ केलंत. अक्षरशः भाषांतर करणाऱ्याकडून हे हमखास सुटतं.

गाजलेल्या वाक्यांबद्दल लिहायलाच हवं. जाहिरातीतली किंमत ऐकून डॅरिल ‘तो स्वप्नात आहे असं सांग’ अशा अर्थाचं म्हणतो. तुमचं: ‘झोपंत हाय का म्हणावं.’ या ‘म्हणावं’मध्ये निरोप देणारा, नेणारा आणि ऐकणारा तिघंही आले. डॅरिलच्या छोट्या वकिलाला कोर्टात कलम सापडत नाही आणि तो शेवटी ‘व्हाइब’ या एकाच मोघम शब्दावर येऊन थांबतो, तिथं तुमच्या आधीच्या खर्ड्यात ‘रोख’ होता. ‘कायद्याचा रोख’ म्हटलं की वकील हुशार वाटायला लागतो. तुम्ही तो खोडून ‘एकूण हवाच तशी आहे, साहेब’ केलंत. हे सोनं आहे. भेटवस्तू जपायच्या खोलीसाठी ‘थेट शोकेसात!’ मात्र आम्हाला थोडं खटकतं, कारण त्या खोलीला नावच मुळी ‘पूल’ या खेळाच्या टेबलावरून पडलंय. तरी त्याहून बरं आम्हालाही सुचलं नाही.

वेळेचं काम वेगळं. प्रश्न आणि त्याचं हसवणारं उत्तर तुम्ही कधीही एका चौकटीत ठेवलं नाहीत. ठेवलं की डोळा कानाच्या आधी पोचतो, लोक नट बोलायच्या आत हसतात आणि नटाचा थांबा वाया जातो. चौकट दोन ओळींची, ओळ साधारण ३५ अक्षरांची, कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. मोठ्या हशानंतरची चौकट अर्धा सेकंद जास्त. देवनागरीत सॉफ्टवेअरच्या मोजणीवर विसंबू नये हेही तुम्हीच दाखवलंत: ‘स्त्री’ हे एक अक्षर मशीन सहा मोजतं, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या धरतं. मग ते ‘फार लांब’ म्हणून लाल खूण दाखवतं आणि नवखा माणूस चांगलं वाक्य कापून टाकतो.

ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी तुमच्या टिपणातलं हे जरूर वापरावं. सबटायटल्स सुरुवातीला बरोबर आणि नंतर हळूहळू सरकत असतील, तर दोष बहुधा फ्रेमच्या वेगात असतो. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ च्या वेगानं डिस्कवर उतरवला की दर मिनिटाला २.४ सेकंदांचा फरक पडतो. तासाभरात जवळपास अडीच मिनिटं. सगळ्या वेळा पुढंमागं ढकलून तो जात नाही, फ्रेमचा वेग बदलूनच जातो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. फाईल ‘यूटीएफ-८’ या अक्षरसंकेतात साठवली नाही तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पहिली आणि शेवटची चौकट जुळली म्हणजे झालं असं समजू नये, मधली एखादी तरी तपासावीच.

सिनेमाआधी वाटायचं एक पान तुम्ही लिहून दिलंत, तेही कामाला आलं. त्यात माबो निकाल दोन ओळींत आहे: १९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या त्याच सर्वोच्च कोर्टानं मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. वकील घाईघाईत ‘माबो’ म्हणतो तेव्हा खुलासा पडद्यावर घातला असता तर वाचण्यातच वाक्य संपलं असतं. आपल्याकडं मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून निघून कलम ३०० अ मध्ये गेला, ही ओळ सुरुवातीला आम्हाला जास्तीची वाटली होती. सिनेमा संपल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न त्याच ओळीवर आले.

एक दुरुस्ती आम्ही केली आहे, ती तुमच्या नजरेखालून जावी. ‘ऱ्हायचं’ हा शब्द जुन्या प्लेअरवर रफारासारखा दिसत होता, कारण साधा ‘र’ टंकला गेला होता. सगळीकडे नुक्त्याचा ‘ऱ’ घातला आणि आता तो नीट दिसतो. नवी फाईल पेनड्राइव्हवर पाठवतोय. बदल तेवढाच, शब्द तुमचेच आहेत.

आपले नम्र,
सिनेमा दाखवणारे आम्ही सगळे
छत्रपती संभाजीनगर