बंदी रंगावर नको, चुकीच्या जोडीवर घाला

प्रति,
मा. पशुसंवर्धनमंत्री महोदय यांस,

विषय : पिल्लांची नोंदणी करण्यापूर्वी आई-बापाची जनुकीय चाचणी सक्तीची करण्याबाबत

स. न. वि. वि.

कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिराती एकदा चाळून बघा. लसीकरणाच्या आधी रंग छापलेला असतो. ब्लू, लायलॅक, मर्ल, आणि मागोमाग ‘रेअर’. हा रेअर रंग येतो कुठून, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. मी पशुवैद्य आहे. त्याचे परिणाम माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे पत्र.

कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच असतात, एक काळं आणि दुसरं तांबूस-पिवळं. टीवायआरपी-१ या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक बापाकडून आलेली) बिघडल्या की काळ्याचा चॉकलेटी होतो. एमसी-१-आर हे जनुक निकामी झालं तर केसात काळं रंगद्रव्य बनतच नाही आणि लॅब्रॅडॉर पिवळा दिसतो. एमएलपीएच या जनुकातल्या बदलाने रंगाचे कण गुठळ्या होऊन बसतात, काळा कुत्रा राखाडी-निळसर होतो. हाच तो ‘ब्लू’. पिवळ्या लॅब्रॅडॉरला त्या रंगाचा काही त्रास नसतो. ब्लू डोबरमनला मात्र असतो: अनेकांचे पाठीवरचे केस तुटून गळायला लागतात, कातडीला वारंवार संसर्ग होतो. उपचारांनी तो आटोक्यात राहतो, मूळ दुखणं जात नाही.

खरी चिंता मर्लची. पीएमईएल जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसल्यामुळे हा रंग येतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. तुकडा एकाच प्रतीत असेल तर फिक्या राखाडीवर काळे, कडा फाटलेले डाग उठतात आणि कधीकधी एक डोळा निळा निघतो. असा ‘एकेरी मर्ल’ कुत्रा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पण दोन मर्लची जोडी लावली की सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती मर्लच्याच मिळतात; ते ‘दुहेरी मर्ल’. रंगपेशी फक्त केसांत नसतात. आतल्या कानातही त्या लागतात, त्यांच्यावाचून ऐकण्याची यंत्रणा सुकून जाते. मर्ल कुत्र्यांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेरी मर्लमध्ये दोन्ही कानांनी बहिरे ०.९ टक्के होते, दुहेरीत १५ टक्के. एका कानाने बहिरे एकेरीत २.७ टक्के, दुहेरीत १०.

आकड्यांत हे दुहेरी मर्ल पिल्लू दिसत नाही. ते जवळजवळ पांढरं असतं, नाकाडावर गुलाबी चट्टे. डोळा खोबणीत बारीक, बाहुली मध्यावर नसून खाली ओघळलेली आणि वेडीवाकडी. पाठीमागे किल्ल्या वाजवल्या की भावंडं माना वळवतात, हे जमीन हुंगत राहतं. हात लावला की दचकतं.

‘मग मर्लवरच बंदी घालू’ असा सल्ला आपल्याला कुणीतरी देईल. कृपया तो ऐकू नका. मर्लचा परिणाम फक्त काळ्या रंगद्रव्यावर होतो. त्यामुळे ज्या कुत्र्याच्या केसात काळं नाहीच, तो मर्ल असूनही साधा पिवळा किंवा लाल दिसतो. त्याची जोडी दुसऱ्या मर्लशी लावली तर दुहेरी पिल्लं जन्मतात आणि कागदावर सगळं नियमात असतं. घुसलेल्या तुकड्याचं शेपूट, म्हणजे त्याचा टोकाचा भाग, आखूड असेल तर काळ्या कुत्र्यातही मर्ल दिसत नाही, आणि हे शेपूट पुढच्या पिढीत लांबूही शकतं. अनुभवी ब्रीडर नजरेने ओळखतो म्हणतात. या बाबतीत नजरेचा उपयोग नाही.

शिवाय रंगाला दोष देण्यातही घाई होते. ब्रिटनमधल्या लॅब्रॅडॉरवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं आढळलं, इतर रंगांचं १२.१. माझ्या मते इथे रंगद्रव्यापेक्षा रंगासाठी मोजक्याच कुत्र्यांतून पिल्लं काढत राहण्याचा हात अधिक असावा. उद्या सरकारने ‘चांगल्या’ रंगांची यादी काढली, तर ब्रीडर त्या यादीसाठी तेच करतील.

तेव्हा मागणी एवढीच. नोंदणीआधी आई-बाप दोघांच्याही पीएमईएल आणि एमएलपीएच चाचणीचे अहवाल घ्या. त्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवला की भागतं, रक्तही काढावं लागत नाही. दोन मर्लच्या पिल्लांना नोंदणी नाकारा. कुत्र्यांची नोंदणी ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने अशी नोंदणी बंद केली आहे. मर्ल आई-बापाची पिल्लं, डाल्मेशियन आणि पांढरा रंग जास्त असलेल्या इतर जाती यांच्या पिल्लांची विक्रीआधी ‘बेअर’ श्रवणचाचणी लावा, कारण एका कानाने बहिरं पिल्लू घरी कुणाच्याच लक्षात येत नाही. जी दुहेरी मर्ल कुत्री आज लोकांच्या घरी आहेत, त्यांच्यावर नियमाचा बडगा नको. हाताच्या खुणा शिकवल्या तर ती छान राहतात. दंड जोडी लावणाऱ्याला करा, आणि ‘रेअर’ हा शब्द जाहिरातीत वापरायचा असेल तर शेजारी आई-बापाच्या अहवालांचे क्रमांक छापायला लावा.

कळावे,
आपला,
एक पशुवैद्य