पहिला फोन कोणी केला, हेही विचारलं जावं

माननीय केंद्रीय गृहमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी फौजदारी वकिली करते. लाचेच्या सापळ्याच्या खटल्यात मुद्देमालासोबत काचेच्या छोट्या सीलबंद बाटल्या येतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड चोळलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही. आरोपीची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं आणि तेच पाणी बाटलीत भरून कोर्टात येतं. त्या हाताने त्या नोटा घेतल्या, एवढं त्यावरून कळतं. पैशांची गोष्ट आधी कोणी काढली, हे मात्र कुठल्याही बाटलीत उतरत नाही. पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. सापळ्यांना माझा विरोध नाही. दाखल्यासाठी कारकून पैसे मागतो, नागरिक तक्रार करतो, पंचांसमोर मागणीची पडताळणी होते आणि मग सापळा लागतो. तिथे गुन्ह्याचा विचार त्या कारकुनाच्याच डोक्यातून आलेला असतो. तो पकडला गेलाच पाहिजे. प्रश्न आहे तो ज्याच्या मनात काही नव्हतं, किंवा होतं पण ज्याने ते सोडून दिलं होतं, अशा माणसाच्या मागे लागून त्याच्याकडून गुन्हा करवून घेण्याचा.

अमली पदार्थांच्या एका खटल्यात उलटतपासणीत मी अधिकाऱ्याला विचारलं होतं, ‘तुमच्या खबऱ्याने आरोपीला पहिला फोन कधी केला? त्यानंतर किती वेळा केला?’ सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि प्रश्न गैरलागू म्हणून नामंजूर झाला. माल आपल्याकडून गेला, हे माझा अशील नाकारतच नव्हता. पुन्हा पुन्हा नाही म्हणूनही माणूस पिच्छा सोडेना, एवढंच त्याला सांगायचं होतं. ते ऐकून घ्यायला कायद्यात जागाच नव्हती.

अमली पदार्थांच्या कायद्यात (एनडीपीएस) हा धोका किती मोठा आहे, ते आकड्यांवरून दिसेल. हेरॉइन 250 ग्रॅमच्या वर गेलं की ते व्यापारी प्रमाण ठरतं. तिथे किमान शिक्षा 10 वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन जवळजवळ अशक्य. आता गिऱ्हाईक म्हणून पोलिसांचाच माणूस उभा असेल आणि ‘एवढ्याने काय होणार, अजून आण’ असं तोच म्हणत असेल, तर आरोपीची शिक्षा न्यायाधीशांच्या आधी त्याने ठरवलेली असते. मला यात सगळ्यात जास्त अन्याय वाटतो तो इथे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला हे कळलं नव्हतं असं नाही. विंध्य प्रदेशचे मंत्री राव शिवबहादूर सिंह यांच्या 1954 च्या निकालात न्यायालयाने पोलिसांना खडसावलं. लाच देणाऱ्याजवळ पैसे नसताना आणि ते उभे करण्याची त्याची ऐपत नसताना पोलिसांनीच रक्कम पुरवून लाच घडवून आणणं समर्थनीय नाही, असं न्यायालय म्हणालं. शिक्षा मात्र कायम राहिली. 1956 मध्ये रामजनम सिंह खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. माणसाने वाईट विचार एकदा बाजूला टाकला, तर समाजाने आणि राज्याने त्याला सावरावं, पुन्हा मोहात ढकलू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. वकिली सुरू केली तेव्हा मी तो वाचला होता आणि आता हा कायदाच झाला असं समजले होते. तसं झालं नाही. भारतीय दंड संहितेच्या सर्वसाधारण अपवादांत, म्हणजे कृत्य गुन्हा ठरत नाही अशा परिस्थितींच्या यादीत, ‘पोलिसांनीच मला गुन्ह्यात ओढलं’ या बचावाला स्थान नव्हतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते दिलं गेलं नाही. 2014 मध्ये रजत प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या, कॅनडातल्या निकालांची दखल घेतली, पण आपल्याकडचा आरोपी होता तिथेच राहिला.

अमेरिकेतल्या शर्मन खटल्याची हकिकत आपण एकदा जरूर वाचावी. व्यसन सोडण्यासाठी हा माणूस डॉक्टरांकडे जात होता. तिथेच त्याला उपचाराला येणारा दुसरा एक रुग्ण भेटला. उपचार लागू पडत नाहीत, फार त्रास होतोय, थोडं मिळवून दे, असं तो विनवू लागला. शर्मनने आधी टाळलं. शेवटी त्याच्याच्याने ते हाल बघवेनात आणि त्याने माल आणून दिला. तो रुग्ण सरकारी खबऱ्या होता, आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर खटला लटकत होता. शर्मनला पूर्वी शिक्षा झालेली होती, तरी 1958 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. 1988 मध्ये कॅनडाने मॅक खटल्यात, तर 2001 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लूझली खटल्यात, पोलिसांनीच गुन्हा घडवला असेल तर खटलाच थांबवावा, हा मार्ग मान्य केला. 1998 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पोर्तुगालविरुद्ध निकाल दिला, तो साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी एका माणसाकडून 20 ग्रॅम हेरॉइन मागवल्याबद्दल. यातला एकही देश गुन्हेगारांना मोकळं सोडणारा म्हणून ओळखला जात नाही.

आपल्याकडे पुरावा कसा मिळवला याने तो सहसा बाद होत नाही. 1973 च्या पूरणमल निकालापासून हेच चालत आलं आहे. त्यामुळे न्यायालयाने ताशेरे ओढले तरी अधिकाऱ्याचं काही बिघडत नाही. गुन्ह्याला चिथावणी देणं हा सामान्य माणसासाठी न्याय संहितेच्या कलम 45 खाली येणारा विषय. अधिकाऱ्यावर तीच कारवाई करायची तर सरकारच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न पुढे येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने परवानगीच्या निर्णयाला 120 दिवसांची मुदत घातली, हे चांगलंच झालं. पण निदान चौकशी तरी सुरू व्हायला हवी ना?

आपल्याच काळात याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105 आलं आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. हे पाऊल मोलाचं आहे. पण चित्रीकरण सुरू होतं ते शेवटच्या तासाला. त्याआधीचे आठवडे, ते फोन, त्या गाठीभेटी, खबऱ्याला दिलेले पैसे, यांची नोंद कुठेच नसते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्याच आहेत. सापळ्याआधीच्या प्रत्येक संपर्काची लेखी वा ध्वनिमुद्रित नोंद दोषारोपपत्राबरोबर न्यायालयात यावी. खबऱ्याच्या जिवाला धोका असेल तर नाव झाका, पण त्याने कधी आणि किती वेळा गळ घातली ते झाकू नका. पुढाकार पोलिसांचा होता असं प्रथमदर्शनी दिसलं, तर तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असावी. ते सिद्ध झालं नाही तर खटला तिथेच थांबावा आणि निकालाची प्रत संबंधित अधिकाऱ्याच्या चौकशीसाठी आपोआप वरिष्ठांकडे जावी.

यासाठी न्याय संहितेत एक कलम आणि पुराव्याच्या कायद्यात एक तरतूद पुरेल. मसुद्याला मदत लागली, तर ज्या खटल्यांत मी हा प्रश्न विचारला आणि तो नामंजूर झाला, त्यांच्या उलटतपासणीच्या प्रती माझ्याकडे आहेत. अशिलांची संमती घेऊन, नावं काढून, त्या आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे.

आपली नम्र,
एक फौजदारी वकील