कोऱ्या कप्प्याबद्दल आभार

आदरणीय गुरुजी,

वेंगुर्ल्याच्या आमच्या बायबल वर्गाला तुम्ही चार रकान्यांचा तक्ता भरायला शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. फुलस्केप कागद आडवा धरायचा, येशूची शुभवर्तमानं, म्हणजे जीवनवृत्तांत, लिहिणारे चौघे मत्तय, मार्क, लूक, योहान, असे रकाने आखायचे. वचनं शाईने, शब्दन्‌शब्द. आपलं मत पेन्सिलीने. आणि लेखक जिथे गप्प आहे तिथे कप्पा कोरा.

हा कोरा कप्पाच कठीण. शेजारच्या रकान्यातलं उचलून तिथे भरायला हात शिवशिवतो, आणि कुणीच न लिहिलेलं पाचवं शुभवर्तमान तयार होतं. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारही वृत्तांत विणून एक केला, तसं. (त्याचं काम मात्र आमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार!)

येशूच्या रिकाम्या कबरेकडे गेलेल्या बायका घ्या. मत्तय २८:१ मध्ये दोघी, मार्क १६:१ मध्ये तिघी, लूक २४:१० मध्ये तीन नावं 'आणि इतर', योहान २०:१ मध्ये एकटी मग्दालिया मरीया. पण लगेच दुसऱ्या वचनात ती म्हणते, त्याला कुठे ठेवलं 'आम्हाला' ठाऊक नाही. तेराव्या वचनात, कबरेपाशी एकटी रडताना, 'मला'. मूळ ग्रीकमध्येही एक अनेकवचन, दुसरं एकवचन. एकीचंच नाव घेतलं म्हणून बाकीच्या नव्हत्या असं होत नाही.

शताधिपतीचं, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याचं, तर कोकणात समजावावंच लागत नाही. आजारी चाकरासाठी येशूला विनवायला मत्तय ८:५ मध्ये तो स्वतः येतो, लूक ७:३ मध्ये यहुद्यांच्या वडीलधाऱ्यांना पाठवतो. 'आबांनी घर शाकारलं' म्हणतो तेव्हा आबा काही छपरावर चढलेले नसतात.

वेळेचा गुंता मात्र खरा आहे. मार्क १५:२५ प्रमाणे येशूला तिसऱ्या तासाला क्रूसावर दिलं. योहान १९:१४ मध्ये सहाव्या तासाच्या सुमारास तो अजून रोमी सुभेदार पिलातापुढे आहे. तास सूर्योदयापासून मोजले, तर सकाळचे नऊ आणि दुपारचे बारा. योहान मध्यरात्रीपासून तास मोजतो, हे सोपं उत्तर तुम्ही खोडायला लावलंत, कारण रोमी सूर्यघडीवरही मध्यान्हीला सहावाच तास. घड्याळ नसलेले लोक दिवसाचे चार भाग करून ढोबळ बोलत. 'सुमारास' हा शब्द थोडा हात देतो, पण पूर्ण नाही.

आणि ती काठी, येशू शिष्यांना प्रचाराला धाडतो तेव्हाची. मार्क ६:८ म्हणतो, काठीशिवाय काही घेऊ नका. मत्तय १०:१० म्हणतो, काठीही नको. मत्तयाचं क्रियापद 'मिळवणे' असं आहे, म्हणजे नवी काठी घेऊ नका, असं म्हणून आम्ही सुटलो होतो. मग तुम्ही लूक ९:३ वर बोट ठेवलंत: तिथे काठी नकोच, आणि क्रियापद मार्काचंच. तो कप्पा अजून पेन्सिलीतच आहे, गुरुजी.

आपली,
बायबल वर्गातील मंडळी, वेंगुर्ले